वाढत्या अंगाची विंग

जीभ सैल सुटली की माणसाला कुठे नेऊन आपटेल, काही सांगता येत नाही. त्या सकाळी लिफ्टवाल्याची सुटली ती चहा पिताना. बायको चहा गाळत होती, मुलगी बुटांच्या नाड्या बांधत होती, आणि हा टेबलाशी बसून पाय हलवत होता. मुलीचं घरातलं नाव मुंगी. जन्मली तेव्हा ओंजळीत मावायची, आणि पुढेही फार काही वाढली नाही. ही मुंगी पाण्यातल्या बचाव पथकात निवडली गेली होती. बुडालेली माणसं, बुडालेल्या गाड्या शोधायला खोल पाण्यात उतरणारं पथक. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची तिथली पहिली खोल बुडी होती, आणि तिच्यासाठी स्वतःचा सेट घ्यायचा होता: पाठीवर सिलिंडर धरणारा पट्ट्यांचा हार्नेस, आणि त्याच्या मागे हवा भरायची पिशवी. त्या पिशवीला ते लोक विंग म्हणतात. विंग म्हणजे पंख, एवढं इंग्रजी लिफ्टवाल्याला येत होतं.

"चला," तो म्हणाला, "मुंगीला पंख फुटले."

बायको हसली. मुंगीही हसली. आणि मग त्या म्हणीचं उरलेलं अर्धं त्याला आठवलं. मुंगीला पंख फुटले की तिचं मरण जवळ आलं, असं म्हणतात. त्याने कप खाली ठेवला. एवढ्या म्हणी आहेत आपल्या भाषेत, नेमकी हीच बरी तोंडात आली. दुसरा कोणी असता तर त्याने हसण्यावारी नेलं असतं. पण हा मूळचाच घोर लावून घेणारा माणूस. गॅस बंद केला का हे दारापर्यंत जाऊन परत येऊन बघणारा, कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढणारा. धंदाही तसलाच, लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा. दहा माणसांची लिफ्ट असली तर तिचा दोर शंभर माणसांना पुरेल असा असावा लागतो, आणि त्या शंभरावरही याचा विश्वास नाही.

"पाठीवर बिऱ्हाड घेऊन जायचं म्हणजे विंचवासारखंच की," बायको म्हणाली. ती बिचारी गंमत करत होती. याला मुंगी पुरली नव्हती, त्यात आता विंचू.

दुकान गोदीच्या रस्त्यावर होतं. आत रबराचा वास, भिंतीवर टांगलेले काळे सूट, आणि काउंटरमागे केस बारीक कापलेली, उन्हाने रापलेली बाई. ती स्वतः कित्येक वर्षं पाण्यात काम करून आता जमिनीवर आली होती, पण चालायची अजूनही वजन घेतल्यासारखी. तिने मुंगीला वरपासून खालपर्यंत बघितलं, लिफ्टवाल्याकडे एक नजर टाकली, आणि बहुधा दोघांचंही माप तेव्हाच घेतलं.

"एकच सिलिंडर लावणार ना?" तिने विचारलं.

"एकच," मुंगी म्हणाली. "पथकात सध्या एकावरच."

बाईने स्टीलची एक प्लेट काढली, पाठीवर बसेल अशी. तिच्यातून एकच लांबलचक पट्टा फिरवलेला: एका खांद्यावरून खाली, कमरेशी, पुन्हा वर. मधे कुठे जोड नाही, बक्कल एकच, पोटावर. शिवाय मांड्यांमधून येणारा एक पट्टा, सेट वर सरकू नये म्हणून.

"एकच पट्टा?" लिफ्टवाला म्हणाला. "तुटला तर?"

"जोड असतो तिथे तुटतं, दादा. याला जोडच नाही."

हे उत्तर त्याला पटलं, आणि पटलं म्हणून जरा रागही आला. मुंगीने सेट पाठीवर चढवला तेव्हा तो न राहवून पुढे झाला आणि खांद्याचा पट्टा त्याने कचकन आवळला. मुंगी कळवळली. बाईने त्याचा हात बाजूला केला, पट्टा सैल केला, आणि खांद्याखाली आपली मूठ सरकवून दाखवली. "एवढी जागा हवी. घट्ट आवळलं की मागे व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही, आणि सेट अंगातून काढताही येत नाही. सगळे नवीन लोक हीच चूक करतात. घट्ट म्हणजे पक्कं वाटतं ना."

"बाबा, तुम्ही बसा बरं तिथे," मुंगी म्हणाली.

तो बसला. म्हणजे टेकला आणि परत उठला. आता विंग निवडायची होती. बाईने तीन आकार काउंटरवर मांडले. घडी घातलेल्या असल्या की तिन्ही सारख्याच काळ्या, सारख्याच कापडाच्या. आकडा लिहिलेला असतो तो आतल्या अंगाला, प्लेटीकडच्या बाजूला.

"हिची लिफ्ट किती?" मुंगीने सगळ्यांत धाकटीला हात लावून विचारलं.

लिफ्टवाल्याचे कान टवकारले. तीस वर्षं ज्या शब्दावर पोट भरलं तो शब्द इथे भेटला.

"तेरा किलो," बाई म्हणाली. "पाण्यात एवढं वजन वर उचलून धरते. हिच्या अंगाला आणि एका सिलिंडरला रग्गड."

"तेराच?" तो म्हणाला. "अहो ताई, तेरा किलो तर आमच्याकडे भाजीची पिशवी. लिफ्टचं काम माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल. ती शेवटची किती?"

"सत्तावीस. ती दोन सिलिंडर लावणाऱ्यांसाठी."

"मग तीच द्या की. लागली तर आहे, नाही लागली तर पडून राहील."

"ती पडून राहत नाही, तीच तर अडचण आहे," बाई सांगू लागली. लहान सिलिंडरभोवती मोठी विंग दोन्हीकडून गुंडाळली जाते, हवा घड्यांत अडकते, सोडायची म्हटली तर सुटत नाही. माणूस वर येऊ लागला की पाण्याचा दाब कमी होतो, ती अडकलेली हवा फुगते, फुगली की आणखी वर ओढते. "नाकापेक्षा मोती जड होतो, दादा. खाली चाललात तर थांबवायला साथीदार असतो, दोरी असते. वर सुटलात तर..."

ती पुढे काय म्हणाली ते त्याच्या कानात शिरलंच नाही. त्याच्या डोक्यात तेरा आणि सत्तावीस एवढंच घुमत होतं, आणि मागून ती मेली म्हण. बुडणं म्हणजे खाली जाणं. माणसं तळाला जाऊन मरतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मग वर ओढणारी वस्तू दुप्पट असली तर बिघडलं कुठे?

मुंगीने धाकटी निवडली. तिने प्लेट, पट्टे, विंग सगळं एकदा हातात उलटंसुलटं करून बघितलं आणि मान हलवली. तिला पथकाच्या डॉक्टरांकडे तपासणीला जायचं होतं. "बाबा, जोडून व्हायला वेळ लागेल. तुम्ही घेऊन याल ना घरी?"

"म्हणजे काय. तू जा."

ती गेली. बाई जोडणीला लागणार तेवढ्यात लिफ्टवाल्याने घसा खाकरला.

या माणसाच्या बाजूनेही दोन शब्द सांगायला हवेत. मुंगीच्या लहानपणापासून घरात कपडे आले ते वाढत्या अंगाचे. गणवेश गुडघ्याच्या खाली, बुटांत पुढे कापसाचा बोळा, स्वेटरच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या. पोर मोठी झाली, पण याचा हात मोठ्या मापाकडेच जायचा. लहान माप घेणं म्हणजे पोरीचं काही कापून घेणं, असं त्याला वाटायचं. ही माया होती यात शंका नाही. फक्त माया करणाऱ्याने समोरच्याला एकदा विचारावं, ते याच्याने कधी झालं नाही.

"ताई, तिचा आत्ताच फोन आला होता," तो म्हणाला. फोन त्याच्या खिशात गप्प पडला होता. "ती मोठीच द्या म्हणते. पुढे दोन सिलिंडर लावायचे आहेत म्हणे."

बाईने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "आत्ता तर एक म्हणाली."

"आत्ता एक. पुढे दोन."

"मग तोवर ही एकावर लावू नको म्हणावं तिला. आठवणीने सांगा."

"सांगतो," तो म्हणाला. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलला की फार सफाईने बोलतो.

संध्याकाळी घरी मुंगीने सेट बघितला, पाठीवर चढवला, आरशासमोर उभी राहिली. पट्टे नीट बसले होते, दुकानातल्या बाईने चोख काम केलं होतं. आजवर ती पथकाच्या हवा भरायच्या जुनाट जॅकेटांतच पाण्यात उतरली होती. विंग अशी तिच्या पाठीवर पहिल्यांदाच येत होती. बायकोने मागून फिरून बघितलं आणि म्हणाली, "एवढंसं पोर आणि एवढं ओझं. अहो, तुम्ही काहीच बोलत नाही?"

"काय बोलायचं?" तो म्हणाला आणि गॅलरीत गेला. तिथून परत आत. परत गॅलरीत. सांगावं असं दोनदा ओठांपर्यंत आलं. पण सांगायचं तर खोटं बोललो हेही आलं, आणि मुंगी भडकणार, आणि ती धाकटी विंग परत येणार. मुकाट राहिलं तर ती मोठी विंग तिच्या पाठीवर राहणार. त्याने मुकाट राहायचं ठरवलं. तरी जिवाला चैन पडेना, आणि हे ठरवल्यावर चैन का पडत नाही तेच त्याला कळेना. जेवताना त्याने भाजीत दुसऱ्यांदा मीठ घातलं.

दुसऱ्या दिवशी मुंगी बॅग घेऊन गोदीकडे गेली आणि हा कामावर. आठ मजली ऑफिसच्या इमारतीत लिफ्टच्या ब्रेकची तपासणी होती. जोडीला त्याचा जुना सहकारी होता, ज्याला सगळे गव्हर्नर म्हणत. लिफ्ट बेफाम सुटली तर तिला पकडणाऱ्या यंत्राचं ते नाव, आणि हा गडीही तसाच, कोणी जोरात बोललं की तिथल्या तिथे धरणारा. आज लिफ्टवालाच जागेवर नव्हता. पाना हातात घेऊन पाना शोधत होता.

"तुझं लक्ष कुठे आहे?" गव्हर्नर म्हणाला. "पोरीची बुडी आहे म्हणून तू इथे गटांगळ्या खातोयस."

इमारतीची देखभाल बघणारी बाई वर मशीनच्या खोलीत आली होती. तिला सगळं समजून घ्यायची हौस. गव्हर्नरने दांडा दाबून हाताने ब्रेक सोडला, आणि मोठं चाक आपोआप फिरू लागलं. जाळीतून खाली दिसत होतं, केबिनचं छप्पर वर वर येतंय.

"आत कोणी नाही ना?" तिने विचारलं.

"रिकामी आहे," लिफ्टवाला म्हणाला.

"मोटर बंद, ब्रेक सोडलेला, आणि तरी वर चाललीय? मला वाटायचं ब्रेक सुटला की लिफ्ट खाली कोसळते."

हा प्रश्न त्याला आयुष्यात इतक्यांदा लोकांनी विचारला होता की उत्तर तोंडपाठ होतं. डोकं दुसरीकडे असलं तरी जीभ चालू लागली. "सगळ्यांना तसंच वाटतं. दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन असतं, बाई. रिकामी केबिन त्या वजनापेक्षा हलकी. मग वजन खाली जातं आणि केबिन वर सुटते. आत एखादंच माणूस असलं तरी तेच. माणूस जितका हलका, तितकी जोरात. खाली निदान धक्का झेलणारा बफर तरी असतो. वर जाऊन आदळली तर... लोक खाली पडायला घाबरतात. पण हलका माणूस वर पडतो."

आपण काय बोललो ते त्याने स्वतःच ऐकलं. हलका माणूस वर पडतो. चाक फिरत होतं. गव्हर्नरने दांडा सोडून दिला तसं ते खटकन थांबलं. काल दुकानातली बाई अगदी हेच सांगत होती. वर सुटलात तर. त्याला आता तिचं पुढचं वाक्य ऐकू आलं, जे काल कानांवर पडूनही आत गेलं नव्हतं: वर सुटलात तर छातीतली हवाही फुगते, आणि फुप्फुसं फाटतात.

तीस वर्षं लोकांना शिकवलं, आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी अक्कल गहाण. तेरा पुरत होते तिथे त्याने सत्तावीस किलोचं वजन दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधून दिलं होतं, आणि केबिनमधे मुंगी होती.

त्याने फोन लावला. बंद. परत लावला. बंद. पाण्यावर गेलं की ते लोक फोन कपाटात ठेवतात, हे तिनेच सांगितलं होतं.

"मी निघतो," तो गव्हर्नरला म्हणाला.

"अर्ध्यात?"

"अर्ध्यात."

स्कूटर कशी चालवली हे त्याचं त्याला माहीत नव्हतं. एका सिग्नलला तर मागचे सगळे हॉर्न वाजवत होते तरी हा उभाच. कारण वाटेत एक दुसरा विचार येऊन बसला होता, आणि तो पहिल्याहून नीच होता. मुंगीने एकदा सांगितलं होतं, पथकात सगळं चालतं, पण आपल्या सेटला दुसऱ्याचा हात चालत नाही. आता तिथे जाऊन सगळ्यांसमोर म्हणायचं, मी बदलला? पोरीचं हसं होईल. बाप सामानात लुडबुड करतो म्हणतील, काढूनही टाकतील. जन्मभर ज्या जागेसाठी धडपडली, ती जागा. आणि कदाचित काही होणारही नाही. कदाचित ती विंग नीट चालेल, कदाचित मोठीच बरी पडेल. गप्प बसलं तर कोणाला कळणारसुद्धा नाही.

हा विचार त्याने गोदीच्या फाटकापर्यंत सोबत नेला. मग समोर पाणी दिसलं, आणि काठावर ओळीने बसलेली पथकातली पोरं दिसली, पाय पाण्याकडे सोडून, पाठीवर सिलिंडर. शेवटची सगळ्यांत लहान होती. तिने तोंडावर मुखवटा ओढला होता आणि एक हात त्यावर धरला होता, उडी मारायच्या आधी धरतात तसा.

"थांबवा," तो ओरडला. "मुंगे, थांब."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. मुंगीनेही. पथकात तिला या नावाने कोणी ओळखत नव्हतं, आता सगळ्यांना कळलं. तिने मुखवटा वर केला. चेहरा लालबुंद.

"बाबा, इथे कशाला आलात?"

पथकाचा शिकवणारा, सगळे त्याला उस्ताद म्हणत, मधे आला. आडव्या बांध्याचा, कमी बोलणारा माणूस. लिफ्टवाल्याला धाप लागली होती, पण त्याने सांगितलं. तुकड्यातुकड्यांत, पण सगळं. विंग बदलली. मोठी घेतली. दुकानात खोटं बोललो. तिला सांगितलं नाही. तिला यातलं काही माहीत नाही.

उस्तादने मुंगीला सेट काढायला लावला. तो काठावर उभा करून त्याने विंगमधे हवा भरली. ती फुगली, दोन्हीकडून वर आली आणि सिलिंडरला मिठी मारून बसली. सिलिंडर जवळजवळ दिसेनासाच झाला. उस्तादने हवा सोडायची दोरी ओढली. थोडी हवा फुसकन गेली, बाकीची घड्यांत तशीच राहिली. त्याने ती पुन्हा ओढली. मग त्याने विंग दाबून आतल्या बाजूचा आकडा शोधला, वाचला, आणि मुंगीकडे बघितलं.

"पाण्याजवळ आणायच्या आधी हवा भरून, सोडून बघितलीस?"

मुंगीने नकारार्थी मान हलवली.

"आकडा बघितलास?"

"नाही, सर."

"साहेब, तिची काही चूक नाही," लिफ्टवाला म्हणाला. "मला बोला. जे काय ते मला करा."

"तुमची चूक आहेच, काका," उस्ताद शांतपणे म्हणाला. "आलात ते बरं केलंत. नाहीतर आज मी तुमच्याशी दुसरंच काही बोलत असतो. पण पाण्यात ती उतरणार होती, तुम्ही नाही. स्वतःचा सेट न तपासता उतरणाऱ्याच्या भरवशावर मी दुसऱ्याचा जीव सोपवू शकत नाही." मग मुंगीला म्हणाला, "या तुकडीतून बाहेर. पुढच्या तुकडीला परत अर्ज कर. घेईन की नाही ते तेव्हा बघू."

बाकीच्यांनी एकेक करून उडी मारली. पाण्यावर बुडबुडे आले. काठावर आता दोघंच उरले, बाप आणि लेक, आणि मधे तो फुगलेला सेट. मुंगी रबरी सूटमधे खाली बसून विंग हातांनी पिळत होती, अडकलेली हवा काढायला. रडत नव्हती. रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

तो माफी मागायला शब्द जुळवत होता आणि जुळत नव्हते. शेवटी त्याने सेट उचलायला हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी घेते."

तरी त्याला राहवेना. "मुंगे, तू एवढी काटेकोर पोर. लहानपणी पेन्सिलचं टोक तीनदा बघायचीस. मग हेच कसं नाही बघितलंस?"

"सगळं बघितलं," ती म्हणाली. "सिलिंडर बघितला, नळ्या बघितल्या, हवेच्या दाबाचं घड्याळ दोनदा बघितलं. उस्तादने दिलेली प्रत्येक वस्तू उघडून बघितली." तिने विंगमधली उरलेली हवा पिळून काढली, आणि मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "एवढीच नाही बघितली. ही तुम्ही आणली होती ना."